वाघाचे वचन देऊ नये

चिरंजीव भाच्यास,

बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावात वाढणाऱ्या शाळकरी मुलांना राष्ट्रीय उद्यान दाखवावे, ही चिरंजीवाने पत्रातून कळवलेली इच्छा सर्वस्वी योग्य आहे. परंतु येत्या सुट्टीत वाघ नक्की दिसेल असे वचन मुलांना देऊन झाल्याचा जो उल्लेख त्याच पत्रात आहे, तो काळजी वाटावी असा आहे. ज्या मुलाला वाघाचे वचन मिळालेले असते, ते सफारीच्या जिप्सीत बसल्यापासून वाघाचीच वाट पाहत राहते, समोर आलेली चितळे, मोर आणि रानकोंबड्या त्याच्या लेखी अडथळे ठरतात, आणि वाघ न दिसल्यास, जे पुष्कळदा घडते, ते मूल जंगलात काहीच नव्हते असे मनाशी ठरवून घरी परतते. ही समजूत एकदा पक्की झाली की ती पुसण्यास फार श्रम पडतात, म्हणून ते वचन प्रवासापूर्वीच प्रेमाने मागे घ्यावे आणि त्याऐवजी जंगल वाचायला शिकवण्याचे वचन द्यावे.

मुलांना आरंभी अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतील भेद सांगावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार दोन्हींची घोषणा राज्य शासन करते. मात्र अभयारण्यात आसपासच्या लोकांचे वहिवाटीचे काही हक्क चालू ठेवता येतात, तर राष्ट्रीय उद्यानात तसे हक्क उरत नाहीत आणि तेथे गुरे चारण्यासही मनाई असते. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण ज्ञानगंगा, लोणार आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, आणि ज्यांना घराजवळ अशी तीन जंगले लाभली आहेत त्यांनी पहिल्याच खेपेस ताडोब्याची वाट धरावी, हे उचित नाही.

बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान सुमारे 205 चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले ज्ञानगंगा अभयारण्य हे कोरडे पानझडी जंगल आहे, म्हणजे पाण्याच्या ताणामुळे उन्हाळ्यापूर्वी ज्यातील बहुतेक झाडे पाने गाळतात असे जंगल. आणि पानझडीनंतर तेथे दूरवरचे दिसू लागत असल्यामुळे नवशिक्या डोळ्यांना ते सोपे जाते. अस्वल आणि बिबट हे येथील मुख्य प्राणी, परंतु त्यांच्या दर्शनापेक्षा त्यांच्या खुणांकडे मुलांचे लक्ष वळवावे. फोडलेले वारूळ दिसले तर अस्वल वाळवीसाठी ते उकरते आणि आतली वाळवी तोंडाने ओढून घेते, हे सांगावे. ओल्या मातीत ठसा दिसला तर त्यात नखांच्या खुणा आहेत का, हे मुलांनाच पाहू द्यावे, कारण वाघ आणि बिबट चालताना नखे आत ओढून घेत असल्यामुळे त्यांच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत, तर लांडगा, तडस आणि कुत्रा यांच्या ठशात ती उमटतात, आणि अस्वलाच्या मागच्या पावलाचा ठसा तर माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देतो. एकाच जागी लेंड्यांचा ढीग आढळला तर तो बहुधा रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा असतो, कारण हा प्राणी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो. शेतात रोह्यांनी केलेली नासाडी धाडच्या मुलांच्या कानावर रोज पडत असेल. तोच प्राणी त्याच्या मूळ घरात पाहिल्यावर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे घाईने देऊ नयेत, कारण शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि प्राण्याची भूकही खरी आहे.

याच ज्ञानगंगेशी जोडलेली एक हकिकत मुलांना नकाशा समोर ठेवून सांगावी. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी1-सी1 या तरुण वाघाच्या गळ्यात 2019 मध्ये रेडिओ कॉलर, म्हणजे त्याचा ठावठिकाणा कळवणारा पट्टा बसवण्यात आला होता. जून 2019 मध्ये तो स्वतःच्या हद्दीच्या शोधात निघाला आणि तेलंगणातील आदिलाबाद तसेच नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला या जिल्ह्यांतून सुमारे 1300 किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोचला. एप्रिल 2020 मध्ये पट्टा काढेपर्यंत त्याच्या चालीची नोंद 3000 किलोमीटरांच्या वर गेली होती. लोक त्याला वॉकर म्हणू लागले. या वाटेचा मोठा भाग राखीव जंगलातला नव्हता, तर शेते, नाले, रस्ते आणि गावशिवारांतून जाणारा होता, आणि ज्या पट्ट्यांतून वन्यप्राणी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात त्यांना भ्रमणमार्ग म्हणतात, हे येथेच समजावून द्यावे. पुढे 2021 मध्ये टिपेश्वरच्याच बाजूने निघालेला दुसरा एक वाघ गौताळा अभयारण्यात आढळला. धाडच्या पश्चिमेस गौताळा आणि ईशान्येस ज्ञानगंगा असल्यामुळे, आपल्या शिवारातील नाला आणि त्याच्या काठची झुडपे ही वन्यप्राण्यांच्या वाटेचा भाग असू शकतात, हा विचार मुलांच्या मनात आपोआप उगवेल. तो कोणत्याही सफारीच्या तिकिटात मिळत नाही.

लोणार लहान आहे, पण वेगळे आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात बनलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यातील खारे आणि अल्कधर्मी पाणी, आणि जून 2020 मध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालेला त्याचा रंग, हे सारे मोठ्या वर्गातील मुलांना भूगोल आणि विज्ञान एकत्र शिकवणारे आहे.

या दोन ठिकाणी मुलांचे डोळे आणि धीर तयार झाल्यावर मेळघाटाकडे जावे. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्या गाभ्यात आहे आणि संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा हेही याच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गाभा म्हणजे वन्यजीवांसाठी राखून ठेवलेले आतले क्षेत्र, आणि त्याभोवतीचा, गावे व शेती सामावणारा पट्टा तो बफर. मेळघाटात डोंगर उंच आणि झाडी दाट असल्याने वाघ क्वचितच दिसतो, आणि मुलांच्या शिक्षणासाठी हीच त्याची थोरवी मानावी. तेथील कोरकू समाजातील वाटाड्याशी मुलांनी आदराने बोलावे, कारण माकडाची साधी हाक आणि बिबट पाहून दिलेली इशाऱ्याची हाक यांतला फरक तो ऐकताक्षणी ओळखतो.

प्रवासाचा काळ निवडताना मे महिना टाळावा. पाणवठे आटल्यावर उरलेल्या पाण्यापाशी प्राणी सहज दिसतात हे खरे, तथापि विदर्भातील मे महिन्याचे ऊन उघड्या जिप्सीत लहान मुलांना सोसत नाही. दिवाळीची सुट्टी उत्तम. त्याच सुमारास 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह येतो, जो मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होऊन सलीम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. त्या दिवसांत मुलांकडून ज्ञानगंगेतील पलढग धरणाच्या काठावरील पक्ष्यांची यादी करून घ्यावी. कपडे मातकट रंगाचे असावेत, सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत, खाऊचे कागद परत आणावेत आणि परवानगी नसलेल्या जागी गाडीतून उतरू नये. मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च–एप्रिलमध्ये, अस्वले पहाटे झाडाखाली येतात, म्हणून त्या काळात जंगलालगतच्या पायवाटांवर मुलांना पुढे धावू देऊ नये. मोबाइल मात्र घरीच ठेवावा. चित्र काढायचे असेल तर वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.

मुलांनी केलेली यादी, तीत चुका असल्या तरी न सुधारता, तशीच पाठवावी. चुकांवरून पुढच्या खेपेस काय दाखवायचे ते ठरवता येईल. भाचेसुनेस आणि मुलांस आशीर्वाद. कळावे.

शुभचिंतक,
मामा