दर वेळी नव्यानं जोडायचा सांधा

लेस्टर, 14 मार्च

चि. मीनल हिस,


तुझा सविस्तर निरोप वाचला. मुलांच्या सायकली गाडीमागे लावून न्यायच्या, उन्हाळ्यात ताई आली की छोटी कॅराव्हॅन घेऊन वेल्सच्या किनाऱ्यावर आठ दिवस राहायचं, आणि त्यासाठी गाडीला काढता-घालता येणारा टो-बार बसवून घ्यायचा, हा तुझा आणि केदाररावांचा बेत मला मनापासून आवडला. कुठल्या कंपनीचा घेऊ, आणि स्वस्तात बसवून देणारा माणूस मिळाला आहे त्याला काम देऊ का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. आयुष्यभर गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या मामाकडून त्यांची नीट उत्तरं तुला मिळायला हवीत, म्हणून फोनवर न बोलता लिहितो आहे.

कंपनीच्या आधी आपली गाडी बघ. ओढायची परवानगी असलेली गाडी आणि ओढू शकणारी गाडी या वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनात जोर कितीही असला, तरी उत्पादकानं त्या मॉडेलला ओढण्याची मान्यता घेतली नसेल तर तिच्यामागे काहीही लावायचं नाही. विजेवरच्या काही गाड्यांना अशी मान्यता नाही. काहींना फक्त सायकलींच्या रॅकपुरती आहे. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चासी नंबराची पाटी असते. तिच्यावरची पहिली वजनाची ओळ म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरी ओळ म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. पहिली ओळ 2,000 किलो आणि दुसरी 3,500 किलो असेल, तर गाडी पूर्ण भरलेली असताना मागे 1,500 किलोपर्यंतच ओढता येईल. दुसरी ओळ कोरी असेल किंवा तिथे शून्य असेल, तर तो विषय तिथेच संपला. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे व्ही-5-सी वर, ओ-1 आणि ओ-2 असे दोन रकाने असतात. ओ-1 मध्ये ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा, ओ-2 मध्ये बिनब्रेकच्या. बिनब्रेकचा ट्रेलर 750 किलो किंवा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मा, यांतलं जे कमी असेल त्याच्यावर जाता कामा नये.

कायद्यानं चालतं म्हणून तेवढं ओढायचंच असं नाही. नवशिक्यानं कॅराव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, असा इथल्या कॅराव्हॅन क्लबांचा जुना सल्ला आहे. तो पाळ. 16 डिसेंबर 2021 पासून साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. त्यामुळे कागदावर तू पात्र आहेस. पण परीक्षा उठली म्हणून शिकण्याची गरज उठलेली नाही. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब ओढायचं शिक्षण देतो. तुम्ही दोघांनीही ते घ्या.

आता टो-बार. तीन प्रकार तुझ्यासमोर येतील. कायम बसलेला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत साधा. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. पण तो बंपरबाहेर कायम डोकावतो, मागे घेताना सेन्सर ओरडत राहतात आणि तुमच्या त्या अरुंद गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागतो. बटण दाबलं की बंपरखाली आत जाणारा प्रकार सोयीचा, पण बराच महाग. मधला प्रकार म्हणजे तुला हवा तो, मान, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा असलेला दांडा, सोडवून डिकीत ठेवता येणारा. तुमचा वापर वर्षातून काही आठवड्यांचा आहे, तेव्हा तुमची निवड योग्य आहे. शिवाय काही गाड्यांवर टो-बारचा गोळा बरोबर नंबर प्लेटसमोर येतो. नंबर प्लेट झाकणं हा इथे गुन्हा आहे, त्यामुळे अशा गाडीवर काम नसताना मान काढून ठेवावीच लागते.

या प्रकाराची एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात घे. कायम बसलेला टो-बार फिटर एकदा आवळतो आणि त्याची जबाबदारी घेतो. सुटा होणारा टो-बार फिटर अर्धाच बसवतो. उरलेला अर्धा दर सहलीला तू बसवणार आहेस. सोय तुझी, तशी जबाबदारीही तुझी.

खरेदी करताना टो-बारवरची छोटी पाटी वाच. 1 ऑगस्ट 1998 नंतर नोंदलेल्या गाडीला मान्यताप्राप्त टो-बारच लावावा लागतो, आणि ती मान्यता ठरावीक मॉडेलपुरती असते. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून कोणी विकत असेल तर तिथून निघून ये. वेस्टफालिया, ब्रिंक, विटर ही या धंद्यातली जुनी, भरवशाची नावं आहेत. तुझ्या मॉडेलसाठी मान्यता असलेला यांतला कुठलाही चालेल.

पाटीवर दोन आकडे असतात. ‘डी’ हा ओढाताणीचा आकडा, किलोन्यूटनमध्ये. गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं कमाल वजन टनांत घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला दोघांच्या बेरजेनं भागायचं आणि 9.81 ने गुणायचं. 2 टनांची गाडी आणि दीड टनाचा ट्रेलर असेल तर उत्तर 8.4 च्या आसपास येतं; पाटीवरचा ‘डी’ त्याहून कमी असता कामा नये. दुसरा आकडा ‘एस’, म्हणजे गोळ्यावर वरून खाली किती किलो भार चालेल तो. लहान-मध्यम गाड्यांवर तो बहुतेक वेळा 75 च्या आसपास असतो. गाडीची, टो-बारची आणि कॅराव्हॅनच्या जोडाची अशा तिन्ही मर्यादांतली सगळ्यांत लहान ती तुझी मर्यादा.

हा ‘एस’ लोक विसरतात, आणि घात तिथेच होतो. तुझ्या आजोळच्या बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून उचललं जायचं. सगळं ओझं पुढे आलं की बैल दबून चालायचे. कॅराव्हॅनचं तसंच आहे. तिच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार गोळ्यावर यावा. 1,200 किलोच्या कॅराव्हॅनला तो 60 ते 84 किलो होतो, पण तुझी मर्यादा 75 असेल तर 75 च्या वर जायचं नाही. भार कमी पडला तर ती वेगात शेपटासारखी झुलू लागते. तशी झुललीच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. जोरात ब्रेक मारायचा नाही. जड सामान आत नेहमी चाकांच्या दांड्यावर, खाली ठेवायचं. आणि गोळ्यावरचा हा भार गाडीतल्या सामानातच मोजायचा असतो. तुम्ही चौघं, ताई, तिच्या बॅगा आणि हे 75 किलो, एवढं सगळं मागच्या चाकांच्या मर्यादेत बसतं का ते आधी बघ.

सायकलींनाही हाच हिशोब. रॅक 18 किलोचा, तुमच्या दोघांच्या सायकली प्रत्येकी 15, मुलांच्या प्रत्येकी 10, म्हणजे 68 किलो झाले. 75 मध्ये बसले. उद्या तुम्ही दोघांनी 25-25 किलोच्या बॅटरीवरच्या सायकली घेतल्यात, की तोच रॅक 88 वर जातो आणि चालत नाही. रॅकची स्वतःची मर्यादा वेगळी, तीही तपास. रॅकनं मागचे दिवे आणि नंबर झाकले जातात, म्हणून रॅकवर दुसरी नंबर प्लेट आणि दिवे लागतात.

त्या दिव्यांसाठी वायरिंग. स्वस्तात करणारा माणूस पैसे वाचवतो तो बहुधा इथेच, म्हणून या कामावर तुझं सगळ्यात जास्त लक्ष हवं. आजकालच्या गाडीत दिव्यांची वायर कापून त्यातून फाटा काढणं योग्य नाही. सगळे भाग एकमेकांशी संगणकातून बोलतात. तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेला वायरिंगचा संच घे आणि गाडीच्या संगणकात त्याची नोंद करून घे. म्हणजे मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळतं. मागे घेतानाचे सेन्सर गप्प होतात, ट्रेलरचा इंडिकेटर बंद पडला तर डॅशबोर्डवर इशारा मिळतो, आणि ज्या गाड्यांत ट्रेलरचं झुलणं आवरणारी यंत्रणा आहे त्यांत ती जागी होते. सर्वसाधारण संच स्वस्त पडतो, दिवेही लागतात, पण गाडीला मागच्या भाराचा पत्ता नसतो. सॉकेट 13 पिनांचं घे. 2008 च्या सुमारापासून इथल्या नव्या कॅराव्हॅनना तेच येतं. त्यात मागे घेतानाचा दिवा, आतला फ्रिज, बॅटरी सगळं आलं. जुना 7 पिनांचा ट्रेलर कधी लावायचा झाला तर अडॅप्टर मिळतो.

बसवणाऱ्याबद्दल. स्वतः किंवा ओळखीच्याकडून बसवायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही तू नॅशनल ट्रेलर अँड टोइंग असोसिएशनची मान्यता असलेल्या फिटरकडे जा. या कामात मागचा बंपर पूर्ण उतरतो, पुष्कळ गाड्यांत आतली धडक सोसणारी पट्टी काढून तिच्या जागी टो-बारचा आडवा दांडा येतो. म्हणजे तो गाडीच्या सांगाड्याचा भाग होतो. जिथे लोखंड लोखंडाला टेकतं तिथलं सीलंट खरवडून काढावं लागतं, भोक पाडलं तर गंज येऊ नये म्हणून रंग द्यावा लागतो, आणि प्रत्येक बोल्ट सूचनापत्रात दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानंच आवळावा लागतो. गाडी भरलेली असताना गोळ्याचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटरमध्ये यायला हवा. पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घे. एमओटी तपासणीच्या वेळीही टो-बार आणि सॉकेट तपासतात, पण ती वर्षातून एकदा. आणि इन्शुरन्स कंपनीला कळवायला विसरू नकोस. हा गाडीत केलेला बदल आहे.

आता तुझ्या वाट्याचं अर्धं काम. मान बसवण्याआधी टो-बारच्या खोबणीचं झाकण काढ, आत चिखल, खडे नाहीत ना ते बघ, फडक्यानं पूस. मान आत ढकल. ती खट्कन बसली पाहिजे. पुष्कळ बनावटींत मुठीवर लाल आणि हिरवी खूण असते: लाल दिसत असेल तर ती बसलेली नाही, हिरवी दिसली तर बसली. मग किल्ली फिरवून काढून घे. किल्ली निघत नसेल तर काहीतरी अडलं आहे. जोर लावू नकोस, मान काढून पुन्हा बसव. शेवटी दोन्ही हातांनी जोरात खाली-वर हलवून बघ. हे सगळं दर वेळी, पावसातही, मुलं घाई करत असतानाही. तुमच्या टो-बारच्या पुस्तिकेतले टप्पे थोडे वेगळे असतील तर तेच प्रमाण मान.

कॅराव्हॅनला एक पातळ तार असते. जोड सुटलाच तर ती ताणली जाऊन कॅराव्हॅनचे ब्रेक लावते आणि मग तुटते. ही तार गाडीच्या बाजूला टो-बारच्या पक्क्या भागावरच्या कडीत अडकव. सुट्या मानेभोवती गुंडाळू नकोस. मानच निसटली तर तारही तिच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. म्हणून विकत घेतानाच अशी पक्की कडी आहे ना ते बघ. कॅराव्हॅनला घर्षणाचा स्टॅबिलायझर असेल तर गोळ्यावरचा रंग आणि वंगण पूर्ण काढावं लागतं, नाहीतर त्याची पकडच बसत नाही.

सहल संपली की मान काढ, खोबणीला झाकण लाव, मान पुसून डिकीत स्टेपनीच्या जागी किंवा पिशवीत घट्ट बांधून ठेव. हे काही किलोंचं लोखंड आहे, अपघातात ते गाडीत मोकळं उडता कामा नये. कित्येक जण मान हिवाळाभर तशीच ठेवतात. रस्त्यावरच्या मिठानं ती आतल्या आत धरते आणि मग निघत नाही. किल्ली हातात आली की तिच्यावरचा नंबर वहीत लिहून ठेव. किल्ली हरवली तर त्याच नंबरानं दुसरी मिळते.

रस्त्यावर मोटरवे आणि मधे दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ताशी 60 मैल, दुभाजक नसलेल्यांवर 50 मैल ही ट्रेलरसह कमाल मर्यादा आहे. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर अगदी उजव्या लेनमध्ये जायचं नाही. पहिल्या प्रवासात 50 च्या वर जाऊच नकोस.

काम देण्याआधी फिटरला पाच गोष्टी विचार: माझ्या मॉडेलची मान्यता दाखवाल का, ‘डी’ आणि ‘एस’ किती, वायरिंग माझ्याच गाडीचं आहे का, गाडीच्या संगणकात नोंद तुम्ही कराल का, आणि तारेसाठी पक्की कडी कुठे आहे. पाचांपैकी एकाचंही उत्तर गोलमाल आलं, तर तो माणूस कितीही स्वस्त असो, त्याला काम देऊ नकोस. तुझ्यामागच्या गाडीत कोणाचं तरी लेकरू बसलेलं असतं. तुझ्या सांध्यावर त्याचाही जीव आहे. चासीच्या पाटीचा फोटो आणि फिटरची उत्तरं मला पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नकोस.

केदाररावांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा