नाताळात दिलेला वेळ

वाचन : लूक 1:39-56; 3 योहान 13-14



नाताळ जवळ आला की आपण याद्या करू लागतो. करंज्या किती, तारा कुठे टांगायचा, कॅरल पार्टी कोणाच्या घरी कधी. कोणाजवळ किती वेळ बसायचे, हे मात्र यादीत नसते.

लूकने ते नोंदवले आहे. मरीया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली (1:56). पहिल्या भेटीतले बोलणे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या तीन महिन्यांतला एकही शब्द शुभवर्तमानात नाही. एक म्हातारपणी गरोदर, दुसरी लग्नाआधी. मला वाटते, बराचसा वेळ दळणकांडणातच गेला असेल. तरी लक्षात घ्या, अलीशिबेची बातमी मरीयेला देवदूतानेच दिली होती (1:36). एवढी मोठी जबाबदारी सोपवताना देवाने तिला सोबतीचे घरही दाखवून दिले.

असा वेळ किती काळ टिकतो, याचे एक उदाहरण आपल्या मराठी इतिहासातच आहे. 1787 मध्ये तंजावरच्या तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेल्या 10 वर्षांच्या सरफोजी भोसल्यांना ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाती सोपवले. राजे वारले, चुलत्याच्या अमलात मुलाचे हाल झाले, शिक्षण थांबले. श्वार्ट्झसाहेबांनी पाठ सोडली नाही. 1793 मध्ये मुलाला मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, हलवण्यात आले आणि तिथे त्याचे शिक्षण पुढे चालले. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढे त्यांनी शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये ते आहे. शिल्पात मरणशय्येवरच्या वृद्धाचा हात राजाने धरलेला आहे.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण कधीकधी भेटींचाही हिशेब मांडतो : इतक्यांदा गेलो, काय निष्पन्न झाले? त्या हाताला विचारा.

आता याच चेन्नईतल्या नुंगंबाक्कमकडे या. इथे कॉलेज रोडवर शंकर नेत्रालय आहे. डोळ्यांच्या उपचारांसाठी दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात, जवळपासच्या लॉजमध्ये राहतात. भाषा कळत नाही, जेवण वेगळे. त्यांतले एखादे कुटुंब अहिल्यानगरचे किंवा वसईचे असेल आणि 25 डिसेंबरला ते पट्टी बांधलेल्या बापाच्या उशाशी बसले असेल, तर त्यांचा नाताळ कसला?

वडील योहान गायसाला लिहितो की सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण शाई-लेखणीने नको. भेटून समोरासमोर बोलू. त्याच्याकडे मोबाइल असता तरी तो हेच म्हणाला असता, असे मला वाटते. तुम्ही चेन्नईत असाल तर उपासनेनंतर लगेच घरी पळू नका. डब्यात थोडा जास्त पुलाव भरा, पण डबा देऊन दारातूनच परतू नका. स्टुलावर बसा. मराठीत बोला. आजोबांना गावच्या चर्चबद्दल विचारा आणि ते सांगतील तेवढे ऐका. तीच गोष्ट दोनदा सांगितली तरी. गावी असाल तर ज्या घरात यंदा एक ताट कमी झाले आहे, तिथे कॅरल म्हणून झाल्यावर तुम्ही मागे थांबा. बाकीची मंडळी पुढच्या घरी जाऊ द्या.