लसणाची कामे : खरी, अर्धी आणि धोक्याची



लसूण ठाऊक नाही असे घर आपल्या कारध्यात शोधून सापडायचे नाही. वरणाला फोडणी, भाकरीसोबत ठेचा, तर्रीदार रस्सा, सगळीकडे लसूण हवाच. पण मी आमच्या मोहल्ल्यात घरोघर जाऊन वेगळाच प्रश्न विचारला. "स्वयंपाक सोडून लसूण आणखी कशाला वापरता?" उत्तरे ऐकून मी चाटच पडले. एक आजी म्हणाल्या, "तांदरात लसन ठेव, किडे नाई लागत." कोणी म्हणाले, बाळाच्या पाळण्याला लसणाची माळ बांधली की डास येत नाहीत. कोणी वांग्याच्या झाडावर फवारतात, कोणी कान ठणकला की लसणाचे तेल घालतात. आणि दोन-तीन ठिकाणी तर असेही ऐकले की, साप चावला तर लसूण ठेचून लावावा, विष उतरते.

ही सर्व उत्तरे मी वहीत लिहून घेतली. मग बाईंच्या मदतीने एकेक तपासले. काही पुस्तकांत पाहिले, काही स्वतः करून पाहिले. तेव्हा या कामांचे तीन ढीग झाले : खरी कामे, अर्धी खरी कामे आणि धोक्याची कामे. तेच या लेखात सांगते.

लसूण ठेचल्यावर काय होते?

आधी एक छोटा प्रयोग करा. लसणाची एक पाकळी सोला, पण तिला नख लागू देऊ नका. नाकाजवळ धरा. वास अगदी थोडा येतो. आता तीच पाकळी दगडाने ठेचा. क्षणात घरभर वास! हा वास आधी कुठे होता बरे?

तो आधी नव्हताच. लसणाच्या पाकळीत दोन वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एकाचे नाव अ‍ॅलिइन, दुसऱ्याचे अ‍ॅलिइनेज. पाकळी अख्खी आहे तोवर दोघांची भेट होत नाही. ठेचली की कप्पे फुटतात, दोघे एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन नावाचा तिखट, झोंबरा पदार्थ तयार होतो. अमेरिकेतील कॅव्हलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी १९४४ साली हे अ‍ॅलिसिन वेगळे काढून दाखवले, आणि ते जंतूंना मारते हेही दाखवले. अ‍ॅलिसिन फार वेळ टिकत नाही. त्याचे लवकरच गंधक असलेले दुसरे पदार्थ बनतात.

झाडाने हे स्वतःच्या रक्षणासाठी केले आहे. किडा पाकळी कुरतडायला गेला की त्याच्याच तोंडात ही जळजळ तयार होते.

आता दुसरा प्रयोग. एक अख्खी पाकळी पाण्यात चांगली उकळा, थंड करा आणि मग ठेचा. वास फारच थोडा येईल. कारण उष्णतेने अ‍ॅलिइनेज निकामी होते. म्हणून अख्खा शिजवलेला लसूण गोडसर लागतो.

मित्रांनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. अख्खा लसूण जवळजवळ झोपलेला असतो, ठेचला की जागा होतो. पुढचे सगळे यावरूनच समजते.

जुन्या लोकांनाही लसणाचे मोल माहीत होते, बरं का. संस्कृतात त्याला लशुन आणि रसोन म्हणतात. सहा रसांपैकी एक, म्हणजे आंबट रस, त्यात ऊन म्हणजे कमी आहे, म्हणून रसोन. मध्य आशियातील कुचा येथे १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रांवर लिहिलेली जुनी संस्कृत पोथी मिळाली. तिच्यातल्या वैद्यकाच्या भागाची सुरुवातच लसणाच्या वर्णनाने होते.

खरी कामे

१) डिंक म्हणून लसूण. हे ऐकून आमचा वर्ग खूप हसला. पण मी करून पाहिले. सात-आठ पाकळ्या बारीक वाटल्या, फडक्यातून रस पिळून काढला आणि कागदाच्या दोन पट्ट्यांना लावून वर वही ठेवली. बोटांना रस चिकट लागतो, तो तुम्हीही पाहिला असेल. दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढल्या तर कागद फाटला, पण जोड सुटला नाही. या लेखाच्या मथळ्याची रंगीत पट्टी लसणाच्या रसानेच चिकटवली आहे. जवळ येऊन वास घ्या! मात्र पाणी लागले की हा डिंक सुटतो.

युरोपातले चित्रकार सोन्याचा वर्ख चिकटवायला लसणाचा रस वापरत. इटलीच्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने सुमारे सहाशे वर्षांपूर्वी आपल्या पुस्तकात तशी कृती लिहून ठेवली आहे.

२) भाजीपाल्यावर फवारा. वांगी, चवळी, वाल यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. मूठभर लसूण व आठ-दहा हिरव्या मिरच्या वाटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. सकाळी फडक्याने दोनदा गाळून त्यात चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी फवारावे. आधी एकाच झाडावर फवारून पाहावे. पाने करपली नाहीत तर बाकीच्यांवर मारावे. इथे लसूण वाटलेला असतो, म्हणजे जागा झालेला असतो. म्हणून किडे दूर जातात. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांना नैसर्गिक शेतीच्या कामासाठी २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या अग्निअस्त्र नावाच्या अर्कातही गोमूत्र, कडुनिंब, तंबाखू व मिरची यांच्यासोबत लसूण असतो.

पण या फवाऱ्याचा जोर थोडे दिवसच टिकतो. पाऊस आला की धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो. परसातल्या दहा-वीस झाडांना तो पुरतो. बांधीतल्या धानावर तुडतुडे तुटून पडले असतील तर लसणावर विसंबू नये, कृषी खात्याच्या माणसांना विचारावे. फवारताना वाऱ्याकडे पाठ करावी. डोळ्यात गेले तर फार झोंबते. लहान मुलांनी मोठ्यांशिवाय हे करू नये.

अर्धी खरी कामे

३) तांदळातील लसूण. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी लसणाचे तेल काढून धान्यातील किड्यांवर वापरले, तेव्हा किडे मेले. तेव्हा आजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आपण डब्यात ठेवतो तो अख्खा गड्डा. तो झोपलेला! त्याचा परिणाम थोडा. आणि ठेचून ठेवावा तर ओल लागून तांदूळच खराब व्हायचा. म्हणून लसूण ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण खरा भरवसा कोरडेपणावर. धान चांगले वाळलेले, कोठी झाडून स्वच्छ केलेली, डब्याचे झाकण घट्ट, आणि जुन्या किडक्या दाण्यांत नवे मिसळायचे नाहीत.

४) डासांसाठी लसूण. ही गोष्ट मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्या महाराष्ट्रातच घडली. मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या एस. व्ही. आमोणकर आणि ए. बॅनर्जी या शास्त्रज्ञांनी लसणात डासांच्या अळ्या मारणारे नेमके काय आहे ते शोधले. गंधक असलेले दोन पदार्थ सापडले. त्यांची नावे डायअलिल डायसल्फाइड आणि डायअलिल ट्रायसल्फाइड. १९७१ साली हा शोध 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्यांनी प्रयोग केला तो क्युलेक्स डासांच्या अळ्यांवर. आणि हेच क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतात! आपला भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो, तेव्हा हा शोध आपल्या अगदी जवळचा आहे.

मग पाळण्याची माळ खरी का? नाही. शास्त्रज्ञांनी लसणातला अर्क काढून तो पाण्यातल्या अळ्यांवर वापरला. पाळण्याला बांधलेला लसूण अख्खा असतो आणि डास उडत येतो तो हवेतून. त्याला त्या माळेचे काहीच वाटत नाही. लसूण खाल्ल्यानेही डास चावायचे थांबत नाहीत. यावर अमेरिकेत माणसांवर प्रयोग झाला, त्यातही फरक दिसला नाही. उलट माळेतली पाकळी बाळाने तोंडात घातली तर घशात अडकायची. माळ सोडून मच्छरदाणी लावा.

गटारीत लसूण ठेचून टाकावा म्हटले तर किती पोती लागतील याचा हिशेब तुम्हीच करा! त्यापेक्षा गटार वाहते ठेवणे, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणे आणि आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी कोरडी करणे स्वस्त पडते. आणि आरोग्य खात्याची माणसे हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आली की त्या जेवणानंतर त्यांच्यासमोरच खाव्यात, खिशात ठेवू नयेत. लहान बाळे, गरोदर बाया व फार आजारी माणसे यांना गोळ्या देत नाहीत, म्हणून घरात कोणी तसे असेल तर त्यांना आधी सांगावे.

धोक्याची कामे

हा भाग पालकांनी जरूर वाचावा अशी विनंती आहे.

५) कातडीवर ठेचलेला लसूण बांधणे. फोड, गाठ, दुखरा गुडघा, बाळाची छाती किंवा तळपाय, यांवर लसूण ठेचून बांधतात. ठेचलेला लसूण जागा असतो आणि तो किड्याची जीभ व माणसाची कातडी यांत फरक करत नाही. रात्रभर बांधला तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. लहान बाळाची कातडी तर फारच नाजूक. अशी भाजलेली मुले दवाखान्यात आल्याचे डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे.

६) कानात लसणाचे तेल. कान ठणकतो तेव्हा आत काय झाले आहे हे बाहेरून दिसत नाही. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाते आणि दुखणे वाढते. तेल गरम असेल तर आतून भाजते. कान वाहत असेल तर त्यात काहीही न घालता डॉक्टरांना दाखवावे.

७) कुत्रा चावल्यावर मिरची-लसूण भरणे. हे तर मुळीच करू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचे विषाणू येतात. हा रोग एकदा सुरू झाला की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो होऊ देता येत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला ही लस टोचून वाचवले. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. मग त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने पूर्ण करावीत. मध्येच सोडू नयेत.

८) साप चावल्यावर लसूण. आपला मुलूख धानाचा. रोवणीला चिखलात पाय आणि कापणीला पेंढ्यांत हात. साप भेटणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्या देशातले चार प्रमुख विषारी साप. घोणसाला आपल्याकडे परड म्हणतात. सापाचे विष दातांतून कातडीच्या आत जाते आणि अंगात पसरते. वरून लावलेला लसूण तिथवर पोहोचत नाही. पोहोचला तरी विष उतरवण्याची ताकद त्याच्यात नाही. काही साप बिनविषारी असतात, तर कधी विषारी सापही विष न सोडता चावतो. असा माणूस लसूण न लावताही बरा झालाच असता. पण नाव लसणाचे होते, आणि पुढच्या वेळी खरा नाग चावलेला माणूस लसूण ठेचण्यात तासभर घालवतो. तो गेलेला तास परत येत नाही.

सापाच्या विषावर एकच औषध आहे, प्रतिविष. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ते बनवतात. वर सांगितलेल्या चारही सापांवर एकच लस चालते, म्हणून कोणता साप होता हे शोधत बसू नये, सापाला मारायलाही जाऊ नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. बांगडी, जोडवे, करदोडा काढून घ्यावा. दोरीने आवळू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने ओढू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. जिल्ह्याचा मोठा दवाखाना तिथेच आहे. लसूण ठेचायला लागणाऱ्या वेळात आपण निम्मी वाट गाठतो.

९) शेवटी एक मुक्या जनावरांसाठी. कुत्र्या-मांजरांना लसूण किंवा कांदा खाऊ घालू नये. त्याने त्यांच्या रक्तातील लाल पेशी बिघडतात.

तात्पर्य

मित्रांनो, लसूण वाईट नाही आणि आजी-आजोबांचे म्हणणे सगळे खोटेही नाही. त्यांनी पाहिलेल्या गोष्टींत खरे काय आहे ते तर ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनीही शोधून दाखवले. म्हणून कोणी लसणाचा नवा उपाय सांगितला की आपण तीन प्रश्न विचारावेत. लसूण अख्खा आहे की ठेचलेला? तो लागणार कशाला, झाडाला, कागदाला की माणसाच्या अंगाला? आणि हे करण्यात दवाखान्याचा वेळ तर जात नाही ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "जातो" असे आले, तर लसूण परत टोपलीत ठेवावा आणि गाडी बोलवावी.

सांगा पाहू!
१) अख्ख्या पाकळीला वास कमी का येतो?
२) रसोन या नावाचा अर्थ काय?
३) लसूण डासांच्या अळ्या मारतो, तरी पाळण्याची माळ निरुपयोगी का?
४) कुत्रा चावल्यावर जखम किती मिनिटे धुवावी?
५) रुग्णवाहिका बोलावण्याचा क्रमांक कोणता? हा क्रमांक आज घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून या.