पावसाळी ताप आणि अंगावरची काळी खपली



आडसाली लागणी उरकल्या, बांधावर गवत कमरेला लागले, की वाडीवस्तीवर तापाची माणसे दिसू लागतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड ही नावे आता घरोघरी ठाऊक आहेत. आज आम्ही स्क्रब टायफस या तापाविषयी लिहीत आहोत. नाव टायफॉईडशी जुळते एवढेच, रोग निराळा. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर भागात या तापाने माणसे दगावली होती.

पिकावरचा लाल कोळी आपल्या ओळखीचा आहे. त्याच्याच भाऊबंदांपैकी एक जात गवतात आणि उंदीर-घुशींच्या बिळांभोवती राहते. तिची पिल्ले म्हणजे चिगर. इतकी बारीक की नजरेला पडत नाहीत. वैरण कापताना, बांधावर टेकताना ती अंगावर चढून चावतात आणि रोगाचे जंतू अंगात सोडतात. चावलेले कळत नाही. दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. तोवर बांधावरचे गवत कोण आठवतो?

चावल्या जागी विडीचा चटका बसल्यागत काळी खपली धरते, भोवती लालसर कडे. ती दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. जागाही अडचणीची: काख, जांघ, नाडीची जागा, बायकांच्या छातीखाली. बायामाणसे दाखवायला लाजतात; तेव्हा घरातल्याच बाईने उजेडात नीट पाहावे. सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही. आणि पुष्कळांना खपली येतच नाही, म्हणून ती नसली तरी निर्धास्त राहू नये. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, की आम्ही गवतात काम करतो.

औषध जुने आणि स्वस्त आहे: डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, बहुधा सात दिवस देतात. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उतरला म्हणून गोळ्या सोडू नयेत. पेनिसिलिन जातीची औषधे इथे लागू पडत नाहीत, आणि नुसत्या सलाईनने तर काहीच होत नाही, मग आपला त्यावर कितीही भरवसा असो! रक्ताची एलायझा तपासणी असते, पण पहिल्या दिवसांत ती चुकवू शकते. म्हणून जाणते डॉक्टर संशयावरच गोळी चालू करतात. उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोवरही हीच गोळी चालते, ही जमेची बाजू.

आठवडा अंगावर काढला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर बेतते. धाप लागली, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा रोगी बरळू लागला, तर गावात वेळ न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिथे औषध शिरेतून द्यावे लागते.

वैरण आणल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कामावरचे कपडे न धुता पुन्हा अंगात घालू नयेत.