हरितगृहांतील भाजीपाल्यास पाणी किती द्यावें?

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशांत मोडतो. येथील पाऊस थोडा व बेभरंवशाचा. म्हणूनच १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. उघड्या रानांत निदान पडेल तो पाऊस जमिनींत मुरतो. प्लास्टिकच्या छपराखालीं तोही येत नाहीं. सर्व पाणी विहिरीचें किंवा शेततळ्याचें. तेव्हां हरितगृह उभारणारानें पाण्याचा जमाखर्च आधीं मांडावा.

या हिशेबाचें मूळ मान सोपें आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर.

प्रथम हवा किती पाणी ओढते तें पाहावें. सुमारें १२० सेंटिमीटर व्यासाचें व २५ सेंटिमीटर खोलीचें बाष्पीभवन पात्र मोकळ्या जागेंत ठेवून रोज सकाळीं ठराविक वेळीं त्यांतील घट मोजतात. समजा, घट १० मिलिमीटर आली. पात्रांतील पाणी पिकापेक्षां अधिक उडतें, म्हणून तिला ०.७ नें गुणावें. ७ मिलिमीटर झाले. हरितगृहांत ऊन व वारा कमी, म्हणून पुन्हां ०.७ नें गुणावें, ४.९ उरले. हा दुसरा गुणक आच्छादन व वायुवीजन यांप्रमाणें साधारण ०.६ ते ०.८ असतो.

आतां पिकाचें वय पाहावें. ढोबळी मिरचीचा गुणक रोपावस्थेंत सुमारें ०.६ व भर वाढींत १.०५ धरतात. भर वाढींतील गरज ५.१ मिलिमीटर येते. ठिबकानें शंभरांपैकीं नव्वद भाग पाणी मुळांशीं पोंचतें असें धरल्यास चौरस मीटरास ५.७ लिटर सोडावें लागेल. दहा गुंठ्यांस रोज सुमारें ५,८०० लिटर, आणि चौरस मीटरांत तीन झाडें असल्यास झाडास १.९ लिटर.

हाच हिशेब रोपावस्थेस लावल्यास दहा गुंठ्यांस ३,३०० लिटर पुरतात. कोंवळ्या रोपांस मोठ्या झाडांचें पाणी देणारा शेतकरी रोज अडीच हजार लिटर व्यर्थ दवडतो; शिवाय काळ्या जमिनींत मुळांस हवा न मिळून रोग लागतो तो वेगळाच.

गणिताची परीक्षा जमिनीनें करावी. वीतभर खोल माती काढून मुठींत दाबावी. चिखल होऊन हातास चिकटली तर पाणी कमी करावें. गोळा न होतां सुटली तर वाढवावें. विहिरीचें पाणी मचूळ असल्यास आंत पाऊस नसल्यामुळें क्षार सांचतात. त्यांचा निचरा होण्याइतकें जादा पाणी मधूनमधून द्यावें.

छपरावरचें पाणी मात्र वाहून जाऊं देऊं नये. दहा गुंठ्यांच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पांच लाख लिटर पाणी होतें. त्यांतील चार लाख लिटर अस्तर घातलेल्या व झांकलेल्या तळ्यांत सांठविल्यास वरील हिशेबानें भर वाढीच्या पिकास सुमारें सत्तर दिवस पुरतें.

उन्हाळ्यांत विहीर रोज किती लिटर देते तें मोजावें, व त्यावरूनच गुंठे ठरवावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हें या धंद्यांत अक्षरशः खरें आहे. कारण हरितगृहाचें कर्ज पाणी आटलें म्हणून थांबत नाहीं.