गाडी ठरवण्याआधी गावातला माणूस ठरवा

जव्हार-मोखाड्याच्या एकदिवसीय सहली आता मुंबई-ठाण्यात सर्रास मिळतात. भल्या पहाटे दाराशी गाडी येते, चालकच वाटाड्या असतो आणि रात्री उशिरा घरी सोडतो. राजवाडा, शिरपामाळ, हनुमान पॉइंट, दाभोसा, काळमांडवी, पाड्यावरचे जेवण, तारपा नृत्य, सूर्यमाळ, देवबांधचा गणपती असे सगळे एका कागदावर ओळीने लिहिलेले असते. आम्ही आषाढात अशाच एका सहलीला गेलो. त्या दिवशी जे पाहिले आणि नंतर त्या भागात जाऊन-येऊन जे कळत गेले, ते जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते आहे.

सोबत माझी आतेबहीण आणि तिचे यजमान होते. दोघे नुकतेच इटलीहून आले होते. फ्लोरेन्समध्ये मुक्काम ठेवून त्यांनी एका दिवसासाठी गाडी आणि माहीतगार घेतला होता, सिएना आणि सान जिमिन्यानो ही टेकडीवरची दोन जुनी गावे पाहिली होती. तशी डोंगरावरची जुनी राजधानी आपल्याकडेही आहे, असे मीच त्यांना सांगितले होते आणि ते खरेच आहे. सान जिमिन्यानोचे दगडी मनोरे उभे राहत होते त्याच काळाच्या आसपास, म्हणजे चौदाव्या शतकात, सह्याद्रीच्या या कोपऱ्यात जयबा मुकणे यांनी महादेव कोळ्यांचे राज्य उभे केले. वारली सरदाराकडे जयबांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, ही कथा गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. १३४३ मध्ये त्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहा हा किताब मिळाला, असे जव्हारचा इतिहास सांगतो. पुढे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, नंतर लोकसभेवरही निवडून गेले. एवढा सलग इतिहास असलेले गाव ठाण्याहून काही तासांच्या अंतरावर आहे आणि आपण तिथे धबधब्याचे फोटो काढून परततो, याचे मला वाईट वाटते.

इटलीतल्या त्या दिवसाबद्दल बहिणीने सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तिथल्या जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो. गाडी वेशीबाहेर ठेवायची, चढ पायी चढायचा, आत गावची माहिती देणारा माणूस वेगळा आणि तो परवाना घेतलेला. चालकाचे काम वेशीपाशी संपते. आपल्याकडे गाडी थेट जय विलास राजवाड्याच्या फाटकापर्यंत जाते, त्यामुळे चालकाला सगळे येते असे गृहीत धरले जाते. आमचा चालक रस्त्यावर अतिशय सावध होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो या भागातला नव्हता. शिरपामाळावर त्याने शिवाजी महाराजांची तिथे लढाई झाली असे सांगितले. परंपरा वेगळीच आहे. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच खोवला, अशी ती आहे. माळाचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. वाटेत वावर-वांगणीचा फाटा आला तेव्हा चालक गाडी हळू करून म्हणाला, “हेच ते कुपोषणाचं गाव.” १९९२ च्या सुमारास तिथे कितीतरी लहान मुले गेली. महाराष्ट्राने मान खाली घालावी अशी ती घटना आहे, आणि ती काचेआडून दाखवायची जागा म्हणून सांगितली गेली. बहिणीने त्याला तिथेच थांबवले.

दिवसाचे गणित आधी मांडून पाहा. ठाण्याहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारला पोचायला तीन तास सहज लागतात. महामार्गावर मनोरच्या अलीकडे कोंडी झाली तर चार. भिवंडी-वाड्यावरून जायचे तर अवजड गाड्या आणि खड्डे. जव्हारहून दाभोसा वीसेक किलोमीटर, मोखाडा त्याच्या विरुद्ध अंगाला, सूर्यमाळ-देवबांध त्याहून पुढे खोडाळ्याच्या बाजूला. रस्ते वळणाचे, पावसात धुके. कागदावरची नऊ ठिकाणे करायची तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तासही येत नाही. आमच्या दिवसाचा मोठा भाग गाडीतच गेला आणि राजवाड्यापाशी पोचलो तेव्हा आत सोडण्याची वेळ टळलेली होती. जय विलास ही राजघराण्याची खासगी मालमत्ता आहे. आत सोडतात का, कधी सोडतात, चित्रीकरण चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. सहल विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

पाड्यावर जे झाले ते मात्र राजवाडा चुकण्यापेक्षा मनाला जास्त लागले. आषाढ म्हणजे आवणीचे दिवस. चिखलणी केलेल्या खाचरात सगळे घर उतरलेले असते, बायका कमरेतून वाकून राबातली रोपे लावत असतात, पाऊस आहे तोवर काम उरकायचे असते. अशा दिवशी आमच्यासाठी माणसांना शेतातून वर बोलावून घेतले होते. कुडाच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा तारपा घेऊन बसले होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. भोपळ्याला बोट लावून त्यांनी मेण कुठे सुटले होते आणि पुन्हा कुठे लावले ते दाखवले. फुंकायला मात्र ते तयार होईनात. चालक म्हणाला, “बाबा, दोनच मिनिटं, पाहुण्यांना व्हिडिओ घ्यायचाय.” बाबांनी मान हलवली. भात पिकले, नव्या दाण्याची पूजा झाली की मग तारपा वाजतो आणि दिवाळीपर्यंत वाजत राहतो. रोपे अजून रुजायची असताना तो कसा वाजवायचा? चालकाने पैशांची भाषा काढली. बहिणीच्या यजमानांनी हात जोडून तो विषय संपवला. बाबांनी त्यानंतर आमच्याशी अर्धा तास मनमोकळ्या गप्पा मारल्या, नागलीच्या वाणांबद्दल, वरईबद्दल, आणि मुले आवणी झाल्यावर आणि पुन्हा दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे कामाला जातात त्याबद्दल. दिवसभरातला तोच खरा वेळ.

म्हणून माझे सांगणे असे, की ‘आदिवासी नृत्य’ असे बाराही महिने लिहिलेल्या सहलीपासून लांब राहा. तारपा ऐकायचा तर भात कापणीच्या सुमारास, दसरा-दिवाळीच्या दिवसांत जा. जव्हारचा दसरा संस्थानच्या काळापासून मोठा असतो, पाड्यापाड्यांतून नाचाचे मेळे येतात. मोखाड्याचा बोहाडा होळीनंतर येतो. देवदेवतांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे निघतात, पहाटेकडे देवी आणि महिषासुराचे युद्ध होते. एका दिवसाची सहल तिथे कामाची नाही. ओळखीच्या घरी राहण्याची सोय करून जायचे, पाहुण्यासारखे बसायचे, फ्लॅश बंद ठेवायचा. भिंतीवरच्या वारली चित्रांचेही तसेच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, तीही याच पालघर जिल्ह्यातून. चित्र विकत घ्यायचे असेल तर ज्याच्या घरी चित्र काढले जाते त्याच्याकडून घ्या, रस्त्यालगतच्या दुकानातून नव्हे, आणि किंमत पाडून मागू नका.

आता धबधब्याबद्दल. यात मला जराही सौम्य लिहायचे नाही. दाभोशाला लेंडी नदी सुमारे तीनशे फुटांवरून कोसळते. आम्ही गेलो तेव्हा डोक्यावर ऊन होते, लोक खाली पाण्याकाठी फोटो काढत होते, चालक म्हणाला, “पाऊस नाही, उतरा बिनधास्त.” वाटेवर गुरे घेऊन उभा असलेला एक पोरगा मात्र आम्हाला पुढे जाऊ देईना. “ताई, वर काळं झालंय. पाणी येणार. खडकावर जाऊ नका.” आम्ही वाटेवरच थांबलो. थोड्याच वेळात पाण्याचा रंग गढूळ झाला, त्यात काटक्या-पाने दिसू लागली आणि लोक जिथे बसले होते ते खडक बघता बघता पाण्याखाली गेले. सगळे वेळेवर वर आले, कारण त्या पोराने आणि त्याच्या सोबत्यांनी ओरडून ओरडून त्यांना उठवले. धबधब्यापाशी ऊन असण्याला काही अर्थ नसतो. पाणी वरच्या डोंगरात पडते. गढूळपणा, वाहून येणारा पाला आणि एकाएकी वाढलेला आवाज यांपैकी एक खूण दिसली तरी सामान सोडून वर या.

काळमांडवीचा डोह तर ओळखीच्या माणसांनाही सोडत नाही. जुलै २०२० मध्ये तिथे पाच तरुण बुडाले, ते जव्हारचेच होते. पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास प्रशासन बंदी घालते, तरीही सहलीच्या कागदावर ती ठिकाणे तशीच छापलेली राहतात. बंदी आहे का, हे जव्हारच्या पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीत विचारा. बंदी असेल आणि सहलवाला “मी नेतो मागच्या वाटेने” म्हणाला, तर त्याच्याबरोबर कुठेच जाऊ नका. बंदी नसली तरी वरून पाहा. दाभोसा वरूनच सुंदर दिसतो.

मग जायचे कसे? जव्हार किंवा मोखाडा, दोन्हींपैकी एकच बाजू निवडा. जव्हार निवडलेत तर सकाळी शिरपामाळ आणि राजवाडा, दुपारी एखाद्या घरी ठरवून जेवण, संध्याकाळी हनुमान पॉइंट. मोखाडा निवडलेत तर कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे चढा, देवबांध, सूर्यमाळ पाहून त्याच वाटेने उतरा. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर-तोरंगण घाटाची वाट जवळची. गाडी आपली किंवा भाड्याची, ती फक्त गाडी समजावी. माणूस वेगळा ठरवावा, तोही तिथलाच. जव्हारमध्ये शिकलेली, आपल्या पाड्याची माहिती असलेली तरुण मुले-मुली हे काम करू लागली आहेत. त्यांना आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: तुम्ही स्वतः येणार का, दुपारी कोणाच्या घरी जेवायचे, आणि या दिवसांत शेतावर काय चालले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो नीट देईल तो माणूस घ्या.

जेवणाचे दोन दिवस आधी कळवा. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वरईचा भात, आणि पावसाच्या सुरुवातीला गेलात तर शेवळी किंवा कर्टोली. शेवळीची भाजी खाजते, ती काकडाच्या आंबट फळांबरोबर नीट शिजवावी लागते, तिला वेळ लागतो. आयत्या वेळी दहा माणसे दारात उभी करून ती मागू नये. घराचा, चुलीचा, मुलांचा फोटो विचारल्याशिवाय नको. चॉकलेटे वाटू नका. द्यायचेच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना विचारून द्या.

पाणी मात्र घरून न्या, उन्हाळ्यात तर न चुकता. मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर येतात. याच तालुक्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. ज्या घरची बाई दोन डोंगर उतरून हंडा भरून आणते, तिच्या माठातले पाणी हात-तोंड धुवायला वापरू नये. पाणवठ्यावर रांग लागलेली असेल तर गाडी धुणे तर दूरच, तिथे थांबूही नये.

पैशांचे आधी स्पष्ट ठरवा. शहरातल्या सहलवाल्याने सगळ्याचे मिळून पैसे घेतले असतील, तर पाड्यावरच्या घराला त्यातले किती मिळणार हे थेट विचारा. आमच्या जेवणाचे त्या घरातल्या ताईंना किती मिळाले, ते ऐकून आम्ही परतताना वेगळे पैसे दिले. तेव्हापासून आम्ही जेवणाचे घरातल्या बाईच्या हातात, वाटाड्याचे वाटाड्याच्या हातात आणि गाडीचे गाडीवाल्याला देतो. रोख आणि सुटे जवळ ठेवा, कारण पाड्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. इंधन जव्हारमध्येच भरून घ्या आणि धुके असेल तर घाट उजेडी उतरा. मोखाड्याच्या बाजूने परतायचे असेल तर चारला निघा, देवबांध राहिले तरी चालेल.