बगळ्यांच्या रक्तातील ढाल

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका हा धानाचा व तलाव-बोड्यांचा प्रदेश. बांधीतील साचलेल्या पाण्यात क्यूलेक्स डास वाढतात आणि तेथेच गायबगळे व ढोकरी भक्ष्य शोधतात. जपानी मेंदूज्वर व वेस्ट नाईल या दोन्ही विषाणूंचे चक्र डास आणि पक्षी यांच्यामधून फिरत असते. जपानी मेंदूज्वराच्या प्रसारास डुकरेही कारणीभूत ठरतात.

हे विषाणू एकाच कुळातील असल्याने एकाविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यासही काही अंशी रोखू शकतात. कॅलिफोर्नियातील फिंच पक्ष्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वेस्ट नाईल होऊन गेलेल्या पक्ष्यांच्या रक्तात नंतर सेंट लुईस मेंदूज्वराचा विषाणू आढळला नाही. उलट क्रमाने मात्र संसर्ग झाला, परंतु त्याची तीव्रता घटली.

तथापि ही ढाल अभेद्य नाही. दरवर्षी नवी पिल्ले जन्मास येतात. त्यांना पूर्वीचा संसर्ग झालेला नसतो व चक्र पुन्हा सुरू होते. शिवाय पक्ष्यांची प्रतिकारशक्ती गावातील मुलांचे रक्षण करीत नाही. त्यासाठी लस, मच्छरदाणी आणि वस्तीपासून दूर डुकरे पाळण्याची दक्षता हेच खरे उपाय होत. मुलास ताप येऊन झटके आल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.